पोरगं कराटेला घातलंय, तिथल्या रीतीभाती जरा समजावून सांगा की

कोल्हापुरी_चप्पल
नमस्कार मंडळी. आमचं पोरगं आठ वर्षाचं, जूनपासनं कराटेला घातलंय. राजारामपुरीत एका शाळेच्या हॉलमध्ये क्लास असतोय, सोमवार बुधवार शुक्रवार संध्याकाळी. मी सोडायला जातो आणि तिथंच मागं बाकावर बसतो, घरी येऊन परत जायला परवडत नाही. तर दोन महिने बघतोय, शिकवतात चांगलं, पोरगं पण खूश हाय, पण काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. आत येताना दारात वाकायचं, मग सगळ्यांनी गुडघ्यावर बसून समोरच्या भिंतीकडं वाकायचं, मग सरांकडं, मग एकमेकांकडं. सासूबाई एक दिवस आलत्या बघायला, त्या म्हणाल्या आपल्यात देवाफुडं वाकतात, मोठ्यांफुडं वाकतात, ही भिंतीफुडं कशाला वाकायल्यात पोरं? मला उत्तर देता आलं नाही.
दुसरं म्हणजे गेल्या आठवड्यात पावसानं आणि ट्रॅफिकनं दहा मिनिटं उशीर झाला तर ह्याला दारातच गुडघ्यावर बसवून ठेवलं, सर बघितले आणि मगच आत घेतले. मला लई वाईट वाटलं खरं सांगायचं तर, उशीर माझ्यामुळं झालता. आणि परवा ड्रेसची नाडी सुटली ती तिथंच बांधायला लागला तर मोठ्या पोरानं त्याला खांद्याला धरून उलटं फिरवलं. ही शिस्त हाय का उगंच काहीतरी? कुणी केलंय का कराटे, सांगा.

सदाशिवपेठी
एक शंका, आपण बाबा आहात की आई? 'मी जातो' लिहिलंय आणि सासूबाईपण आहेत म्हणून विचारतोय.

कोल्हापुरी_चप्पल
आई हाय ओ. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, तुमच्या पुण्यात नसंल म्हणत.

मिसळकट
पहिल्याच प्रतिसादात धागा भरकटला, जगात भारी 😄

तांबड्या_मातीतला
ताई सासूबाईंना म्हणावं तालमीत जाऊन बघा एकदा. मी मंगळवार पेठेत वाढलोय, दहा वर्षं माती खाल्लीय. आमच्यात आखाड्यात पाय टाकायच्या आधी माती कपाळाला लावायची, मारुतीला नमस्कार, मग वस्तादांच्या पाया पडायचं आणि जोडीला उभं राहिलं की सलामी. पाऊल टाकलं की डोकं वाकलं पायजे, हे सांगावं पण लागत नाही, पोरगं बघून बघून शिकतंय. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पडतोय, तिला आई म्हणतात. आता कराटेवाल्यांकडं माती नाही तर ते भिंतीकडं वाकतात, एवढाच फरक. आणि ते उशीराचं म्हणाल तर आमच्यात उशीर झाला की वस्ताद बसवत नव्हते, खोरं देऊन आखाडा उकरायला लावायचे, पाठ मोडायची. तुमचं पोरगं नुसतं गुडघ्यावर बसलं, सुटलं म्हणायचं.

ओसाका_रिटर्न
मी चार वर्षं जपानला होतो कंपनीच्या कामाला, तिथं दोन वर्षं डोजोत जायचो (डोजो म्हणजे शिकायची जागा, तुमचा हॉल म्हणा), आता परत आल्यावर कसबा बावड्यात राहतो आणि गुडघे कुरकुरतात म्हणून बंद आहे. जेवढं माहितीय तेवढं सांगतो.
ती भिंत म्हणजे 'शोमेन', समोरची बाजू. जपानात तिथं कधी छोटं देवघर असतं, कधी संस्थापकांचा फोटो, कधी नुसती सुंदर अक्षरातली पाटी, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नसतं. वाकणं म्हणजे 'रेई'. देव म्हणून वाकत नाहीत, ह्या जागेत माझ्याआधी जे शिकले त्यांना मान म्हणून वाकतात. क्रम तुम्ही बघितलाच असेल, सगळ्यात सिनिअर पोरगं ओरडतं 'सेइझा', सगळे गुडघ्यावर, मग 'मोकुसो' म्हटलं की डोळे मिटून गप्प, मग 'मोकुसो यामे', 'शोमेन नी रेई', 'सेन्सेई नी रेई' (सेन्सेई म्हणजे सर), आणि शेवटी 'ओतागाई नी रेई' म्हणजे एकमेकांना. मला तो शेवटचा सगळ्यात आवडायचा कारण त्यात सरसुद्धा पोरांकडं वाकतात. आपल्याकडं गुरुजी पोरांना नमस्कार करताना बघितलेत का कधी?
रांगेचं पण आहे. शोमेनकडं तोंड करून उजवीकडं सिनिअर, डावीकडं नवीन. तुमचं पोरगं सगळ्यात डाव्या टोकाला बसत असणार.

कोल्हापुरी_चप्पल
हो हो! डाव्या टोकाला, खिडकीजवळ. मला वाटलं उंचीनं उभं करतात, शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

सदाशिवपेठी
सगळं ठीक आहे पण माझा प्रश्न असा की पोरांना स्वसंरक्षण शिकवायचंय ना, मग हे जपानी कर्मकांड कशाला? मराठीत एक दोन तीन मोजा, मराठीत 'थांब' म्हणा, नमस्कार घाला, झालं. उगीच इच नी सान करत बसायचं. आणि ते प्रत्येक वाक्याला 'ओस ओस' काय असतं?

उद्यमनगर_लेथवाला
इच नी सान पर्यंत ठीक हाय ओ पण चौथा आकडा 'शी' आहे 😂 आमच्या बॅचला अर्धी पोरं आठ-नऊ वर्षाची आणि मी एकटा त्रेचाळीसचा, चार आला की सगळी पोरं 'शीऽऽऽ' करून ओरडतात आणि हसतात, सर काय बोलत नाहीत, त्यांना पण हसू येतं. सातला 'शिची', तिथं परत एक राऊंड.

ओसाका_रिटर्न
जपानी लोक पण चारला 'शी' टाळतात बरं का, पण वेगळ्या कारणानं, त्यांच्यात 'शी'चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे म्हणून बऱ्याच जागी 'योन' म्हणतात. कराटेत मोजताना मात्र शीच.
सदाशिवपेठी, ओसबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे. ते सगळ्या शैलींत नसतं. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिनमध्ये आणि जपानी कॉलेजच्या क्लबांत जास्त चालतं. मी एकदा ओसाकाला ऑफिसात मोठ्या साहेबांना उत्साहानं 'ओस' म्हटलं, तर शेजारचा जपानी सहकारी खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. ते रांगड्या तरुण पोरांचं बोलणं आहे, आपल्याकडं कुणी मॅनेजरला 'काय भावा' म्हणावं तसं. त्यामुळं क्लासमध्ये सगळे म्हणत असतील तर म्हणायचं, बाहेर नाही.

बाकावरचा_सर
मी शिकवतो, कुठं ते सांगत नाही, जाहिरात नको. सदाशिवपेठींना सांगतो की मोजणी मराठीत केली तरी चालेल, माझी काही हरकत नाही. पण जपानी शब्द राहिले त्याचा एक फायदा हाये, माझी पोरं बेळगावला स्पर्धेला गेली, तिथं कानडी पंच, गोव्याची पोरं, सगळ्यांना 'हाजिमे' म्हटलं की सुरू आणि 'यामे' म्हटलं की थांबायचं हे कळतंय, भाषांतर लागत नाही. योगासनाचं नाव जर्मनीत पण संस्कृतच राहतंय, तसंच हे.
आता ताई तुमचं उशीराचं. मी पण दारात बसवतो. त्यात शिक्षा नाही. हॉलमध्ये चाळीस पोरं किका मारत असतात, त्यातनं एक पोरगं मधनं पळत आपल्या जागेवर गेलं तर कुणाची तरी टाच त्याच्या तोंडावर बसते. सरांनी बघेपर्यंत थांबायचं म्हणजे मला कळतंय की एक जण आत येतोय. शिवाय बाहेरनं धावत आलेला असतोय, अंग गरम नसतंय, दोन मिनिटं श्वास खाली बसतोय. मग मी त्याला आधी बाजूला थोडं पळायला लावतो आणि मगच रांगेत घेतो, नाहीतर पहिल्याच उंच किकला मांडीची शीर धरते.
नाडीचं पण तसंच. कपडे नीट करायचे तर सरांकडं आणि समोरच्या भिंतीकडं पाठ करून, एका गुडघ्यावर बसून किंवा उभ्यानं, पटकन करायचे. माणसासमोर कपडे सावरायचे नाहीत एवढंच. आपली आजी पदर सावरायला तोंड फिरवायचीच की.
नखं मात्र मी स्वतः बघतो. हाताची आणि पायाची. आठवड्यातनं एक तरी पोरगं असतंय ज्याच्या नखानं दुसऱ्याला ओरखडा गेलेला असतोय.

उद्यमनगर_लेथवाला
मी माझं सांगतो. पन्नाशीच्या आत काहीतरी करायचं म्हणून घुसलो, पोराला सोडायला जायचो, सर म्हणाले बसून काय करताय, उभं राहा. पहिल्या दिवशी सेइझात बसलो, आधी डावा गुडघा मग उजवा, उठताना आधी उजवा, हे शिकवलं, आणि दहा मिनिटांनी उठायला सांगितलं तर पायच नाहीत ओ! मुंग्या नाही, पायच गायब. पोरगं शेजारी फिदीफिदी. लेथवर आठ तास उभं राहायची सवय, पण गुडघ्यावर बसायची नाही. शहाबादी फरशीवर तर अजिबात बसू नका, मॅट नसंल तर चटई न्या.
आणि खरी गंमत म्हणजे माझ्या पोराचा येलो बेल्ट आणि माझा व्हाईट, म्हणजे रांगेत तो माझ्या उजवीकडं. पहिल्या आठवड्यात कॉलर ताठ करून सांगायचा, बाबा मूठ अशी नाही, अंगठा बाहेर ठेवा, आत ठेवलात तर मोडंल. घरी मी बाप, तिथं तो सिनिअर. बायकोला फार आवडलंय हे.

ब्राऊनबेल्ट_पोरगी
काकू मी टीवायला आहे, सातवीपासून करते. तुमच्यासाठी घरच्या कामाच्या गोष्टी सांगते कारण हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही.
ड्रेस घालताना डावी बाजू उजवीच्या वर. माझ्या आईनं पहिल्या दिवशी उलटं घातलं होतं, सरांनी हसून सांगितलं की जपानमध्ये उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात. मग परत कधी चुकलं नाही 😅 बेल्टची दोन्ही टोकं सारख्या लांबीची आली पाहिजेत, हे जमायला पोरांना दोन महिने लागतात, घरी तुम्ही बांधू नका, त्यालाच बांधू द्या. बेल्ट जमिनीवर फेकायचा नाही, फरफटवायचा नाही.
ड्रेस दरवेळी धुवायचा, प्लीज. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो वाळत नाही हे मला माहितीय, जाड कापड असतं, दोन दिवस फॅनखाली टाकून पण काखेत ओला राहतो आणि मग क्लासमध्ये असा वास सुटतो की मोकुसोत डोळे मिटले की तोच येतो. शक्य असेल तर दुसरा ड्रेस घ्या. बाहेर ड्रेस घालून खाऊ नका. आमच्यातल्या एकानं पांढऱ्या ड्रेसवर तांबडा रस्सा सांडला, तो डाग ब्राऊन बेल्टपर्यंत त्याच्यासोबत आलाय.
आणि दागिने. मुलींना बांगड्या, कानातले, मोठे क्लिप सगळं काढून. मुलांच्या हातात गंडे, दोरे, ती मैत्रीची बँड. राखीच्या वेळी दरवर्षी भांडण होतं, लहान पोरं रडतात की ताईनं बांधलीय, काढणार नाही. आमच्या सरांनी उपाय काढलाय, राखीवर कापडी चिकटपट्टी गुंडाळतात, तेवढ्यापुरतं. पण कुमितेला (म्हणजे जोडीनं लढायला) काढायलाच लागते, त्यात बोट अडकलं तर दोघांचं काम.

मिसळकट
मी बाहेरच्या पालकांबद्दल बोलतो. आमच्या पोरीच्या क्लासला एक बाप असतोय, बाकावरनं ओरडतोय 'मार मार, खटक्यावर बोट जाग्यावर पलटी!' लहान पोरगी आहे ओ ती, सहा वर्षाची, गोंधळून सरांकडं बघते का बापाकडं. सरांनी त्याला शेवटी चहा प्यायला पाठवलं. ताई तुम्ही गप्प बसताय ना?

कोल्हापुरी_चप्पल
मी गप्प बसतो. फक्त एकदा पाण्याची बाटली दाखवली त्याला. तर बघितलं पण नाही, म्हटलं बहिरा झाला का काय.

बाकावरचा_सर
बहिरा झाला नाही, परवानगीशिवाय पाणी प्यायला जायचं नसतंय. पण ताई, ह्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठल्याही सरांनी पोरांना पाणी नाकारलं तर ते चुकीचं. हात वर करून विचारायचं आणि जायचं. शिस्त म्हणून तहानलेलं ठेवणं ह्याला माझा विरोध आहे, आणि असं करणारी माणसं आहेत हेही खरं.

सदाशिवपेठी
मान्य. पण मग बेल्टचं काय? हा सगळा धंदा आहे असं माझं मत. दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी, सर्टिफिकेट, नवीन रंग.

उद्यमनगर_लेथवाला
हे मात्र मी अनुभवलंय. आधीच्या एका क्लासला (नाव घेत नाही) माझ्या भाचीला दोन वर्षात ब्लॅक बेल्ट दिला. घरी पार्टी, स्टेटस, सगळं. मग दुसरीकडं घातली तर तिला पहिला काता (म्हणजे एकट्यानं करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम) पण धड येत नव्हता, पुन्हा पांढऱ्यापासनं. पोरगी महिनाभर गेलीच नाही, लाज वाटली. चूक तिची नव्हती की.

ओसाका_रिटर्न
पट्टे मुळात कराटेचे नाहीतच. ओकिनावात (जपानचं बेट, कराटे मूळ तिथलंच) आधी पट्टे नव्हते. ज्युदोचे जिगोरो कानो यांनी काळा पट्टा आणि श्रेणी आणल्या, आणि गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून १९२२ ला टोकियोत प्रात्यक्षिक द्यायला आले, पुढं तिथंच राहिले, त्यांनी १९२४ ला आपल्या विद्यार्थ्यांना पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे जेमतेम शंभर वर्षं. फुनाकोशी हे पेशानं शाळामास्तर होते हे लक्षात ठेवा म्हणजे बऱ्याच गोष्टी कळतात. त्यांच्या काळात एका कातासाठी तीन वर्षं असं म्हणायचे, आता तीन महिन्यांत तीन काता.
आणि काळा पट्टा म्हणजे 'शोदान', त्यातल्या 'शो'चा अर्थच सुरुवात.

बाकावरचा_सर
बरोबर. मी स्वतः परीक्षा घेतो आणि फी पण घेतो, खोटं कशाला बोलू, हॉलचं भाडं त्यातनंच निघतं. पण नियमित केलं तरी काळ्यापर्यंत तीन-चार वर्षं तर जातातच, बहुतेकांना जास्त. पालकांनी एक करावं, परीक्षेत नापास होणारं पोरगं आहे का ते बघा. कुणीच कधी नापास होत नसंल तर समजून घ्या. माझ्याकडं गेल्या वेळी पाच जण राहिले, दोन आयांनी माझ्याशी बोलणं सोडलंय.

तांबड्या_मातीतला
कुस्तीत बरं असतंय बघा, बेल्ट नाही काय नाही. पाठ टेकली की टेकली, खासबागेत हजारो माणसं बघत असतात, फी भरून चितपट टाळता येत नाही. शाहू महाराजांनी १९१२ ला ते मैदान बांधलं तेव्हापासनं हेच.
पण एक विचारतो सर, हे कराटेवाले एकमेकांना लावतच नाहीत म्हणे, नुसतं हवेत? मग लढणार कसं?

बाकावरचा_सर
लावत नाहीत असं नाही, थांबवतात. पूर्ण ताकदीनं जायचं आणि कातडीला लागता लागता थांबायचं. हे मारण्यापेक्षा अवघड आहे, पंच फेकणं कुणालाही येतंय. टोकियो ऑलिम्पिक आठवतंय का, २०२१ ला झालं ते, कराटे पहिल्यांदाच होतं आणि पॅरिसला परत काढून टाकलं. त्यात जड वजनी गटाच्या फायनलला सौदीचा तारेग हमेदी ४-१ नं पुढं होता, त्यानं इराणच्या सज्जाद गंजजादेला डोक्यात अशी किक मारली की तो आडवाच झाला, स्ट्रेचर आणलं. आणि सुवर्णपदक गेलं आडवं झालेल्याला. हमेदी बाद, कारण ताकदीवर ताबा नव्हता.

तांबड्या_मातीतला
आयला. चितपट झालेला जिंकला. हे आमच्या वस्तादांना सांगितलं तर काठी घेऊन मागं लागतील माझ्या.

मिसळकट
विषय हार्ड.

ब्राऊनबेल्ट_पोरगी
काका तालमीबद्दल सगळं आवडलं, पण एक सांगू का, माझे आजोबा तालमीत होते, मी लहानपणी हट्ट केला तर आत पाय ठेवू दिला नाही, दारातून बघ म्हणाले. म्हणून मी कराटेला गेले. आमच्या बॅचला आता अर्ध्याहून जास्त मुली आहेत. आणि 'ओतागाई नी रेई' म्हटलं की समोरचा मुलगा माझ्याएवढाच वाकतो.

तांबड्या_मातीतला
खरं हाय ते. आता पोरींच्या कुस्त्या पण होतात, तेव्हा नव्हत्या. माझ्या बहिणीला पण नाही येऊ दिलं. मी तेव्हा काय बोललो पण नाही.

कोल्हापुरी_चप्पल
सगळ्यांचे आभार. गेल्या आठवड्यात सासूबाईंना परत घेऊन गेलो, ह्यावेळी आधीच सगळं सांगितलं, माती कपाळाला लावतात तसं. त्या काय बोलल्या नाहीत. पण क्लास सुटायच्या आधी सगळी पोरं ओल्या फडक्यानं हॉलची फरशी पुसतात, रांगेनं, पळत पळत, आमचं पण त्यात. सासूबाई बघतच राहिल्या, म्हणाल्या हा घरात चमचा उचलत नाही आणि इथं लादी पुसतोय! आता रोज सकाळी त्याच्या हातात फडकं देतात आणि म्हणतात 'हाजिमे'. पोरगं चिडलंय.
अजून एक विचारायचं राहिलं, क्लासच्या शेवटी सगळे मिळून काहीतरी पाच ओळी म्हणतात, प्रत्येक ओळ 'हितोत्सु' नं सुरू होते, ते काय असतं? आणि सप्टेंबरला ह्याची पहिली परीक्षा हाय, मलाच टेन्शन आलंय.

ओसाका_रिटर्न
डोजो कुन. हितोत्सु म्हणजे 'एक'. पाचही ओळी 'एक' नंच सुरू होतात, कारण दोन नंबरची, तीन नंबरची असं काही नाही, सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या. चांगला माणूस हो, सच्चा राहा, मेहनत कर, रीत पाळ, आणि आडदांडपणा करू नको, साधारण असं. माझा पुतण्या म्हणायचा, काका ह्यांना पुढं मोजताच येत नाही.

उद्यमनगर_लेथवाला
'शी' टाळायला असंल 😂

बाकावरचा_सर
ताई, ते सप्टेंबरच्या परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, पहिल्या परीक्षेला मूठ, उभं राहायची पद्धत, सरळ पंच, दोन ब्लॉक, पुढची किक एवढंच असतंय. घरी सराव घेताना एकच बघा, एक हात पुढं गेला की दुसरा जोरात कमरेला मागं आला पाहिजे. लहान पोरं पुढचा हात मारतात आणि मागचा हवेत विसरतात. आणि त्याला परीक्षेच्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचवा, दारात बसायला नको.

कोल्हापुरी_चप्पल
पोचवतो सर. आता निघतो, सुटायची वेळ झाली आणि पाऊस लागलाय, ह्याचा रेनकोट माझ्या डिकीतच राहिलाय आणि दुसरा ड्रेस अजून घेतलेला नाही.